सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर : स्कॅन काय दाखवतो, काय दाखवत नाही आणि ल्युटेशियम कुणाला द्यायचं

गामाकिरण

न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे संप्रेरक स्रवणाऱ्या पेशींच्या गाठी, शोधायला डोटाटेट पेट-सीटी हा स्कॅन करतात. त्याच्या रिपोर्टात "तीव्र अपटेक" (गाठीने ट्रेसर, म्हणजे टोचलेलं किरणोत्सर्गी द्रव्य, जोरात शोषलं) एवढं दिसलं की पुढचा प्रश्न थेट "पीआरआरटी (त्याच रिसेप्टरवाटे ल्युटेशियमचा किरणोपचार) कधी सुरू करायची?" असा येतो. मधल्या पायऱ्या कुणी विचारत नाही. त्या पायऱ्यांसाठी हा धागा. ज्यांचा या कामात हात आहे त्यांनी आपापल्या टेबलाची बाजू लिहावी. रिपोर्ट टाकून वैयक्तिक सल्ला मात्र इथे मागू नये.

माझा मुद्दा एकच आहे: हा स्कॅन कर्करोग दाखवत नाही, रिसेप्टर (पेशीवरची, संप्रेरक पकडणारी जागा) दाखवतो. दोन्ही गोष्टी बऱ्याचदा एका जागी असतात म्हणून आपलं फावतं. नसतात तेव्हा उपचार चुकतो.

थोडक्यात पूर्वपीठिका. सोमॅटोस्टॅटिन १९७३ साली रॉजर गिलेमिन यांच्या प्रयोगशाळेत हायपोथॅलॅमसमधून वेगळं काढलं गेलं. तेव्हाची त्याची ओळख ग्रोथ हॉर्मोन अडवणारं संप्रेरक एवढीच. पुढे ते स्वादुपिंडात, जठरात, आतड्यातही सापडलं आणि सगळीकडे काम तेच, अडवण्याचं: इन्सुलिन, ग्लुकॅगॉन, गॅस्ट्रिन, सगळ्यांना. शरीरात त्याची १४ आणि २८ अमिनो आम्लांची रूपं असतात. रक्तात ते जेमतेम दोन-तीन मिनिटं टिकतं, त्यामुळे औषध म्हणून तसंच्या तसं जवळजवळ निरुपयोगी. त्याची नक्कल करणारं आठ अमिनो आम्लांचं ऑक्ट्रिओटाइड आलं, त्याचं अर्धायुष्य दीड तासाच्या आसपास गेलं आणि चित्र बदललं.

रिसेप्टर पाच प्रकारचे, एसएसटीआर१ ते एसएसटीआर५. पेशीच्या आत सगळ्यांचा निरोप साधारण सारखा: सायक्लिक एएमपी (पेशीच्या आतला निरोप्या रेणू) खाली, पोटॅशियमची दारं उघडी, कॅल्शियमची बंद, म्हणून संप्रेरकाचा स्राव थांबतो. आपल्या कामाचा मुख्यतः दोन नंबरचा. त्याला ॲगोनिस्ट (रिसेप्टर चेतवणारा रेणू) चिकटला की रिसेप्टर त्याच्यासकट पेशीत ओढला जातो. असा ॲगोनिस्ट पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, घेऊन त्याला डोटा नावाचा पिंजरा जोडून पिंजऱ्यात गॅलियम-६८ ठेवलं तर स्कॅन होतो, ल्युटेशियम-१७७ ठेवलं तर उपचार. कल्पना इतकी सरळ आहे की त्यातल्या खाचखळग्यांकडे दुर्लक्ष होतं.

हॉटलॅब

पहिला खळगा स्कॅनरच्या आधीचा, आमच्या खोलीतला. यकृताचा अपटेक जास्त दिसतोय म्हणून गाठीचा (यकृताशी तुलना करून दिलेला) स्कोअर खाली आला, असं झालं तर आधी लेबलिंग, म्हणजे पेप्टाइडला गॅलियम जोडण्याचं काम, तपासा.

जर्मेनियम-६८ जनरेटरमधून (जर्मेनियमच्या ऱ्हासातून गॅलियम देणारं उपकरण) ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने गॅलियम काढतात. तयार किट असेल तर बफर घालून पीएच साधारण ३.२ ते ३.८ मध्ये ठेवायचा आणि ९५ अंशाला ७ ते १० मिनिटं तापवायचं. पीएच फार खाली गेला तर डोटा धातूला नीट पकडत नाही आणि मोकळं गॅलियम उरतं. ते रक्तातल्या ट्रान्सफेरिनला बसतं, मग स्कॅनमध्ये हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या उजळतात. पीएच वर गेला तर गॅलियम हायड्रॉक्साइडचं कोलॉइड होतं आणि ते यकृत, प्लीहा, अस्थिमज्जेत जाऊन बसतं. यकृतच उगाच उजळलं की "यकृतापेक्षा जास्त की कमी" या तुलनेला काही अर्थ राहत नाही.

दुसरं कारण धातूंची भेसळ. लोह आणि जस्त दोघंही डोटाच्या पिंजऱ्यात गॅलियमची जागा बळकावतात. गॅलियम-६८ चा ऱ्हास होऊन जस्तच तयार होतं, म्हणून जनरेटर दोन-तीन दिवस न वापरता पडून असेल तर पहिलं इल्युशन (आम्लाने काढलेला गॅलियमचा द्रव) टाकून द्यायचं आणि काही तासांनी नवीन घ्यायचं. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी उत्पन्न कमी मिळण्याचं नेहमीचं कारण हेच.

क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) क्रोमॅटोग्राफीच्या दोन पट्ट्या लावा, एकीवर भागत नाही. अमोनियम ॲसिटेट-मिथेनॉलमध्ये पेप्टाइड वर चढतं आणि कोलॉइड खाली राहतं. सायट्रेटमध्ये उलट: मोकळं गॅलियम वर, पेप्टाइड खाली. एकच पट्टी लावली तर दोनपैकी एक दोष हमखास निसटतो. जर्मेनियम ब्रेकथ्रू (गॅलियमसोबत निसटून आलेलं जर्मेनियम) ०.००१ टक्क्यांच्या आत हवा. त्याचं अर्धायुष्य २७१ दिवस असल्यामुळे तिथे ढिलाई नको.

वाचनमात्र

जर्मेनियम जनरेटर नसेल तर कॉपर-६४ चालतं का? आणि डोटाटेट, डोटाटॉक, डोटानॉक यांत निवड कशी करायची?

गामाकिरण

चालतं. गॅलियम-६८ चं अर्धायुष्य ६८ मिनिटं, कॉपर-६४ चं १२.७ तास. त्यामुळे दूरच्या सायक्लोट्रॉनवरून मागवता येतं आणि रुग्ण तासभर उशिरा आला तरी डोस वाया जात नाही. कॉपरच्या पॉझिट्रॉनची ऊर्जा कमी, म्हणून तो पेशींत कमी अंतर भटकतो आणि लहान गाठी जरा स्पष्ट दिसतात. डोस गॅलियमचा किलोला २ मेगाबेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक), कमाल २००. कॉपरचा १४८ मेगाबेकरेल ठरावीक. दोन्हींत साधारण तासाभराने चित्र घ्यायचं. उपाशी राहण्याची गरज नाही. पाणी भरपूर, आणि टेबलावर चढण्यापूर्वी लघवी.

तिन्ही पेप्टाइड्समध्ये डोटाटेट दोन नंबरला सर्वांत घट्ट बसतं, डोटाटॉक दोन आणि पाचला, डोटानॉक दोन, तीन, पाचला. रोजच्या निदानात फरक फारसा पडत नाही. पडतो तो पाठपुराव्यात. आधीचा स्कॅन नॉकने आणि नंतरचा टेटने केला तर एसयूव्हीची (अपटेकच्या आकड्याची) तुलना करू नका. एका रुग्णाला शेवटपर्यंत एकच ट्रेसर ठेवा, जमलं तर स्कॅनरही तोच.

जुन्या इंडियम-१११ पेंटेट्रिओटाइड स्कॅनबद्दल फार लिहीत नाही. ४ आणि २४ तासांनी दोनदा झोपवायचं, चित्र धूसर, लहान गाठी हुकायच्या. पेट उपलब्ध असेल तर त्याच्याकडे वळायचं कारण नाही.

काचपट्टी

पॅथॉलॉजीची बाजू. बायोप्सीच्या ब्लॉकवर एसएसटीआर२ए चं (दोन नंबरच्या रिसेप्टरचं) इम्युनोस्टेन, म्हणजे प्रतिपिंडाने रंगवणं, करता येतं, पण वाचायचं फक्त पेशीच्या पडद्यावरचं रंगणं. सायटोप्लाझमभर पसरलेला तपकिरी रंग म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे. "एसएसटीआर पॉझिटिव्ह" एवढंच लिहून पाठवलेल्या रिपोर्टाला माझ्या लेखी किंमत नाही. किती टक्के पेशी, पडदा पूर्ण वळसा घालून रंगला की तुटक, हे लिहिलेलं हवं.

त्याहून महत्त्वाचं केआय-६७, म्हणजे विभाजन चालू असलेल्या पेशींची टक्केवारी. आतडं आणि स्वादुपिंडाच्या न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरमध्ये ३ टक्क्यांखाली ग्रेड १, ३ ते २० ग्रेड २, २० च्या वर ग्रेड ३. पण २० च्या वर दोन वेगळी कुळं आहेत: वेल-डिफरन्शिएटेड (मूळ पेशींसारखी रचना टिकवलेला) ग्रेड ३ ट्यूमर आणि न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा. पहिल्यात रिसेप्टर बऱ्याचदा शाबूत असतात, दुसऱ्यात सहसा नसतात आणि तिथे उपचार प्लॅटिनमच्या केमोने सुरू होतो. आकडा दोघांचाही ४० असू शकतो. रचनेवरून ठरेना तर आरबी आणि पी५३ ही प्रथिनं बघा, बिघडलेले असतील तर कार्सिनोमा. स्वादुपिंडात डॅक्स आणि एटीआरएक्स ही प्रथिनं गेलेली असतील तर कल ट्यूमरकडे.

आणि बायोप्सी कुठून घेतली, हा प्रश्न कुणीच विचारत नाही. यकृतात आठ गाठी, सुई सोयीची होती म्हणून कडेच्या गाठीत गेली आणि केआय-६७ आला ४. शेजारची गाठ २५ ची असू शकते.

गामाकिरण

काचपट्टी, शेवटचा परिच्छेद ठळक अक्षरांत हवा होता. म्हणूनच एफडीजी, म्हणजे किरणोत्सर्गी साखरेचा पेट स्कॅन.

ट्यूमर जसजसा आक्रमक होतो तसे त्यावरचे रिसेप्टर कमी होतात आणि साखरेची भूक वाढते. डोटाटेटमध्ये फिकी आणि एफडीजीमध्ये उजळ अशी गाठ दिसली तर सुई तिथे घाला. डोटाटेट एकट्याने केला तर अशी गाठ रिपोर्टात येतच नाही, कारण ती उजळलेलीच नसते. सीटीचे काप वेगळे बघितले तरच सापडते. मग रिपोर्ट जातो "सर्व गाठींत तीव्र अपटेक", आणि जी गाठ रुग्णाचं पुढचं वर्ष ठरवणार ती त्या "सर्व" मध्ये नसते.

सगळ्यांना दोन्ही स्कॅन करा असं म्हणत नाही. केआय-६७ साधारण १० च्या वर असेल, सीटीवर वाढ अपेक्षेपेक्षा जलद असेल, किंवा सीटीवर दिसणारी एखादी गाठ डोटाटेट घेत नसेल, तर एफडीजी हवाच. ग्रेड १, संथ, सगळ्या गाठी जुळणाऱ्या, तर नसला तरी चालेल.

गाठ किती उजळते ते सांगणाऱ्या क्रेनिंग स्कोअरबद्दलही लिहून टाकतो. ० काही नाही, १ अगदी कमी, २ यकृताएवढं किंवा त्याहून कमी, ३ यकृतापेक्षा जास्त, ४ प्लीहेपेक्षा जास्त. हा स्कोअर इंडियमच्या सपाट गॅमा चित्रांवर बेतलेला होता. पेटची संवेदनशीलता जास्त, त्यामुळे तीच गाठ पेटवर एक पायरी वर जाऊ शकते. शिवाय सेंटिमीटरच्या आतली गाठ पार्शल व्हॉल्यूममुळे (स्कॅनरच्या मर्यादेमुळे लहान गाठीचा उजेड आजूबाजूला पसरल्याने) प्रत्यक्षापेक्षा फिकी दिसते, तिचा स्कोअर २ म्हणून तिला बाद करू नका. आणि यकृतभर गाठींचा खच असेल तर ट्रेसर तिकडेच शोषला जाऊन प्लीहा आणि मूत्रपिंडंही फिकी पडतात. तेव्हा प्लीहेशी तुलना करून दिलेला ४ हा फुगवलेला असतो.

अंतःस्रावी

आता उजळतं पण कर्करोग नसतो, अशा जागा. कुणाला आणखी भर घालायची असेल तर घाला.

स्वादुपिंडाच्या डोक्याचा खालचा आकड्यासारखा भाग, अनसिनेट. तिथे पीपी पेशी (संप्रेरक स्रवणाऱ्या पेशींचा एक प्रकार) दाट असतात आणि निरोगी माणसातही अपटेक दिसतो. सीटी किंवा एमआरआयवर गाठ नसेल तर त्याला हात लावू नये. स्वादुपिंडाच्या शेपटीतली गोल, एकसारखी उजळ गाठ: प्लीहेचा सुटा तुकडा असू शकतो. उष्णतेने इजा केलेल्या लाल पेशींचा टेक्निशियम स्कॅन करा, प्लीहेचं ऊतक असेल तर तो तुकडा त्या पेशी पकडेल आणि शस्त्रक्रिया टळेल. मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ), यात दोन नंबरचा रिसेप्टर जवळजवळ नेहमीच असतो. कण्यातला हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची साधी गाठ), भरत आलेलं फ्रॅक्चर, फायब्रस डिसप्लेझिया (हाडाचा एक साधा विकार). आणि सार्कॉइड, क्षय यांसारख्या रोगांतले ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींचे पुंजके), कारण चेतवलेल्या मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइटवरही हे रिसेप्टर असतात. छातीतल्या दोन्ही बाजूंच्या सममित लसीकाग्रंथी उजळल्या तर आधी हा विचार करा.

उलटी बाजू, म्हणजे रोग आहे पण उजळत नाही. यात दोन प्रसंग नेहमी फसवतात.

एक, इन्सुलिनोमा, म्हणजे इन्सुलिन सोडणारी स्वादुपिंडातली गाठ. साध्या, न पसरलेल्या इन्सुलिनोमात दोन नंबरचे रिसेप्टर बऱ्याचदा कमी असतात. तिथे जीएलपी-१ रिसेप्टरवर बसणाऱ्या एक्सेंडिनचा स्कॅन जास्त उपयोगी. याच रोगात ऑक्ट्रिओटाइड आंधळेपणाने देऊ नये. गाठीवर रिसेप्टर नसतील तर तिचं इन्सुलिन थांबत नाही, पण ग्लुकॅगॉन मात्र थांबतं आणि साखर आणखी पडते. पहिला डोस देखरेखीखाली, छोटा, दर तासाला साखर बघत.

दोन, एक्टोपिक एसीटीएच, म्हणजे कॉर्टिसॉल वाढवणारं एसीटीएच संप्रेरक पीयूषिकेबाहेरच्या गाठीतून येणं. रक्तातलं कॉर्टिसॉल खूप वाढलेलं असलं की ते स्वतःच एसएसटीआर२ दाबून टाकतं. स्कॅन कोरा येतो आणि फुफ्फुसातला छोटा कार्सिनॉइड (न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर) तसाच राहतो. आधी कॉर्टिसॉल औषधाने खाली आणून काही आठवड्यांनी स्कॅन पुन्हा केला तर गाठ दिसू शकते. याच कारणाने कुशिंग रोगात (पीयूषिकेतल्या गाठीमुळे कॉर्टिसॉल वाढणं) ऑक्ट्रिओटाइडचा उपयोग होत नाही. पाच नंबरचा रिसेप्टर कॉर्टिसॉलला तितकी दाद देत नाही आणि पॅसिरिओटाइड हे ऑक्ट्रिओटाइडच्या जातीचं औषध त्याला घट्ट धरतं. किंमत साखरेत मोजावी लागते. पाच नंबर इन्सुलिन दाबतो, ग्लुकॅगॉनला तितकं नाही, त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांतच साखर चढते. सुरू करण्यापूर्वी एचबीए१सी आणि पहिले दोन-तीन महिने दर आठवड्याला उपाशीपोटीची साखर.

ॲक्रोमेगलीत (पीयूषिकेतल्या गाठीमुळे ग्रोथ हॉर्मोन वाढणं) मात्र हा स्कॅन औषध निवडायला वापरू नका. पीयूषिका ग्रंथी निरोगी असतानाही उजळते. तिथे एमआरआयची टी२ प्रकारची चित्रं पाहा: काळी दिसणारी गाठ ऑक्ट्रिओटाइडला चांगली दाद देते, पांढरी दिसणारी कमी.

वाचनमात्र

ऑक्ट्रिओटाइडसारख्या औषधाचं लाँग-ॲक्टिंग इंजेक्शन चालू असताना स्कॅन करावा का? काही ठिकाणी महिनाभर थांबवायला सांगतात. तोवर रुग्णाला जुलाब आणि फ्लशिंग (चेहरा लाल होऊन तापणं) सुरू होतं.

सलाईन

थांबवायचंच. रिसेप्टर औषधाने भरलेले असतील तर ट्रेसर बसणार कुठे? शॉर्ट-ॲक्टिंग २४ तास, लाँग-ॲक्टिंग चार आठवडे.

गामाकिरण

सलाईन, स्कॅनपुरतं असहमत. तर्क बरोबर वाटतो, पण प्रत्यक्षात लाँग-ॲक्टिंग चालू असताना यकृत आणि प्लीहेचा अपटेक घटतो, गाठीचा फारसा घटत नाही. गाठ आणि यकृत यांतला फरक उलट वाढलेला दिसू शकतो. त्यामुळे स्कॅनसाठी औषध तोडून लक्षणं उसळवण्यात अर्थ नाही. पुढच्या इंजेक्शनच्या आदल्या आठवड्यात तारीख द्या, म्हणजे प्रश्नच मिटतो. रिपोर्टात शेवटच्या इंजेक्शनची तारीख लिहा, कारण यकृत फिकं पडल्याने स्कोअर वर सरकतो.

उपचाराला मात्र तुमचाच नियम. ल्युटेशियमआधी लाँग-ॲक्टिंग चार आठवडे बंद, मधल्या काळात गरजेला शॉर्ट-ॲक्टिंग, तेही २४ तास आधी बंद. डोस झाल्यावर ४ ते २४ तासांत लाँग-ॲक्टिंग पुन्हा द्यायचं.

सलाईन

मान्य. मग इंजेक्शनबद्दल एक गोष्ट, कारण "औषध लागू पडत नाही" या तक्रारीतला काही वाटा सुईचा असतो.

ऑक्ट्रिओटाइड एलएआर (लाँग-ॲक्टिंग रूप) फ्रिजमधून काढून अर्धा ते एक तास बाहेर ठेवायचं. द्रव घातल्यावर पावडर पूर्ण भिजेपर्यंत पाच मिनिटं हलवायचं नाही, मग नीट हलवायचं आणि लगेच टोचायचं. तयार करून ट्रेमध्ये ठेवलं की कण तळाला बसतात आणि सुई तुंबते. जागा कुल्ल्याचा स्नायू, दर वेळी बाजू बदलून. जाड रुग्णात सुई चरबीतच राहिली तर तिथे गुठळी होते आणि औषध नीट शोषलं जात नाही. लॅनरिओटाइड हे त्याच जातीचं दुसरं औषध वेगळं: भरलेली सिरिंज, अर्धा तास बाहेर, त्वचेखाली खोल, कातडी चिमटीत न धरता, आणि २० सेकंद घेऊन हळू. घाईत दाबलं तर दांडा जड लागतो आणि औषध मागे येतं. एलएआरचा पहिला डोस अंगी लागायला दोन आठवडे जातात, तोवर शॉर्ट-ॲक्टिंग चालू ठेवायचं. हे रुग्णाला न सांगितल्यामुळे तिसऱ्या दिवशी फोन येतो.

जुलाब कमी न झाल्यास दर वेळी डोस वाढवत बसू नका. शौच तेलकट, तरंगणारं असेल तर ते याच औषधाने स्वादुपिंडाचा स्राव दाबल्यामुळे असतं आणि उपाय जेवणासोबत पाचक एन्झाइम हा आहे.

वाचनमात्र

ल्युटेशियमच्या दिवसाचा क्रम कुणी सविस्तर लिहील का? पुस्तकात एका ओळीत उरकलेला असतो.

सलाईन

लिहिते. डोस ७.४ गिगाबेकरेल, आठ आठवड्यांच्या अंतराने चार वेळा. पण दिवसाचा खरा त्रास ल्युटेशियमचा नसतो, अमिनो आम्लांचा असतो.

पेप्टाइड मूत्रपिंडात गाळलं जाऊन नलिकांमध्ये परत शोषलं जातं आणि तिथे किरणोत्सर्ग करत बसतं. लायसिन आणि आर्जिनिन ही जागा अडवून धरतात. २५ ग्रॅम लायसिन आणि २५ ग्रॅम आर्जिनिन, दोन लिटरच्या आत-बाहेर, चार तासांत. ल्युटेशियमच्या अर्धा तास आधी सुरू, डोस चालू असताना चालू आणि नंतर तीन तास. ल्युटेशियम लवकर संपलं म्हणून अमिनो आम्लं लवकर बंद करायची नाहीत. पोषणासाठी मिळणारी तयार मिश्र अमिनो आम्लांची बाटली वापरली तर तेवढं लायसिन-आर्जिनिन मिळवायला खूप जास्त द्यावं लागतं, ऑस्मोलॅलिटी (द्रवाची संहती) वर जाते आणि उलट्या थांबत नाहीत. फार्मसीत फक्त दोनच आम्लांची पिशवी बनवून घेणं सगळ्यात बरं.

ओकारी थांबवणारं औषध पिशवी लावायच्या अर्धा तास आधी, उलटी झाल्यावर नव्हे. ओन्डॅन्सेट्रॉन किंवा ग्रॅनिसेट्रॉन. सवयीने डेक्सामेथासोन जोडू नका. अंतःस्रावींनी वर लिहिलं तेच कारण: स्टेरॉइड एसएसटीआर२ खाली आणतं. एखादा डोस नाइलाजाने दिला तर आकाश कोसळत नाही, पण जास्त मात्रेचे वारंवार डोस टाळायचे.

सकाळी पोटॅशियम पाहिल्याशिवाय पिशवी लावायची नाही. ही दोन आम्लं पेशींतून पोटॅशियम बाहेर ढकलतात. सुरू केल्यापासून चार-पाच तासांनी पातळी सर्वांत वर असते आणि २४ तासांत उतरते. मुळातच ६ च्या वर असेल तर आधी ते दुरुस्त करा. हृदय कमकुवत असेल तर दोन लिटर पाणी झेपेल का, हे आदल्या आठवड्यात ठरवा. कार्सिनॉइडच्या रुग्णांत उजव्या बाजूच्या झडपा खराब असू शकतात, म्हणून एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) आणि इको आधीच झालेले हवेत.

दोन वेगळ्या शिरा, एक अमिनो आम्लांना आणि एक ल्युटेशियमला. ग्रॅव्हिटी पद्धतीत व्हायलमध्ये दोन सुया: आखूड सुई द्रवाच्या वर राहिली पाहिजे, लांब सुईचं टोक तळाला टेकलं पाहिजे. आखूड सुईतून सलाईन आत येतं आणि लांब सुईतून औषध रुग्णाकडे जातं. पहिली ५ ते १० मिनिटं तासाला ५० ते १०० मिली, मग २०० ते ३०० मिली. आखूड सुई द्रवात बुडाली किंवा लांब सुई तळापासून वर राहिली तर व्हायलमध्ये डोस उरतो. म्हणून शेवटी व्हायल पुन्हा मोजायची आणि उरलेली ॲक्टिव्हिटी वजा करून खरा दिलेला डोस नोंदवायचा.

अंतःस्रावी

पुरवणी: मोठ्या प्रमाणात संप्रेरक सोडणाऱ्या गाठींत पहिल्या डोसनंतरचे २४ तास सांभाळा. कार्सिनॉइड क्रायसिस (संप्रेरकं एकदम सुटून रक्तदाब बिघडणं), व्हीआयपीओमात (व्हीआयपी संप्रेरक सोडणारी गाठ) जुलाब आणि पोटॅशियमची घसरण, फिओक्रोमोसायटोमात (ॲड्रेनल ग्रंथीची गाठ) रक्तदाब. फिओमध्ये अल्फा ब्लॉक (रक्तदाब आवरणारं औषध) आधीपासून हवाच. ऑक्ट्रिओटाइड शिरेतून देण्याच्या तयारीने ट्रेमध्ये ठेवा, शेल्फात नको.

वाचनमात्र

आणि इतकं करून मिळतं काय? चाचण्यांचे आकडे कुणी देईल का?

गामाकिरण

नेटर-१ या ल्युटेशियमच्या चाचणीत मिडगटचे (आतड्याच्या मधल्या भागातल्या गाठींचे), ऑक्ट्रिओटाइडवर रोग वाढलेले रुग्ण होते. एका गटाला ल्युटेशियम, दुसऱ्याला दुप्पट ऑक्ट्रिओटाइड, म्हणजे ६० मिलिग्रॅम. वीस महिन्यांनी रोग न वाढलेले ६५.२ टक्के विरुद्ध १०.८ टक्के. गाठी आकाराने लक्षणीय आटल्या त्या मात्र १८ टक्क्यांतच. रुग्णाला हा दुसरा आकडा आधी सांगा, नाहीतर तीन महिन्यांच्या सीटीवर गाठ तेवढीच दिसली की निराशा येते. मध्यक आयुर्मानाच्या (निम्मे रुग्ण ज्याच्यापुढे जगले तो काळ) अंतिम हिशेबात ४८ महिने विरुद्ध ३६.३, पण तो फरक सांख्यिकीच्या कसोटीला उतरला नाही. दुसऱ्या गटातल्या बऱ्याच जणांना नंतर हाच उपचार मिळाला, हेही लक्षात घ्यावं लागतं. नेटर-२ मध्ये पहिल्याच उपचाराला, केआय-६७ १० ते ५५ असलेल्यांत, रोग न वाढण्याचा काळ २२.८ महिने विरुद्ध ८.५.

दोन्ही चाचण्यांत रिसेप्टरची अट घालूनच रुग्ण घेतले होते. हे आकडे त्यांचे आहेत, "स्कॅनमध्ये काहीतरी उजळलं" अशा सगळ्यांचे नाहीत.

धोके: प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी डोसनंतर चार ते सहा आठवड्यांनी तळाला जातात, म्हणून रक्ततपासणी तेव्हा हवी, फक्त पुढच्या डोसच्या आदल्या दिवशी नव्हे. प्लेटलेट ७५,००० च्या खाली असतील तर थांबा. सावरल्यावर पुढचा डोस निम्मा, ३.७ गिगाबेकरेल. साधारण दोन टक्क्यांत पुढे मायलोडिस्प्लेझिया (अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट न बनण्याचा आजार) होतो, बहुधा दोन-अडीच वर्षांनी. चार डोस संपले म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) बंद करायची नसते.

काचपट्टी

अल्फा कण सोडणाऱ्या ॲक्टिनियमबद्दल? ल्युटेशियमनंतर रोग वाढला की हल्ली लगेच अल्फाचा विषय निघतो.

गामाकिरण

ल्युटेशियमचा बीटा कण पेशींत फार तर दोन मिलिमीटर जातो, अल्फा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, पण तेवढ्यात डीएनएचे दोन्ही धागे तोडतो. बीटाला न जुमानणाऱ्या गाठींतही ॲक्टिनियम-२२५ ने प्रतिसाद दिसला आहे. मात्र अल्फाही त्याच रिसेप्टरवरून आत जातो. ल्युटेशियमनंतर वाढलेली गाठ जर रिसेप्टरच हरवून बसली असेल तर वर कुठलाही धातू बांधा, तो पोचणार नाही. पुन्हा डोटाटेट आणि एफडीजी, मगच बोला. रिसेप्टर शाबूत आणि पहिल्या फेरीनंतर वर्षभर तरी रोग शांत राहिला असेल, तर ल्युटेशियमचेच आणखी दोन डोस हाही चांगला पर्याय असतो.

अँटॅगोनिस्ट पेप्टाइड (रिसेप्टरवर बसून त्याला न चेतवणारी) वेगळ्या वाटेने जातात. ती पेशीत ओढली जात नाहीत, पण निष्क्रिय रिसेप्टरनाही बसतात, त्यामुळे गाठीवर जास्त जागा मिळते. अस्थिमज्जेवरही जास्त बसतात बहुतेक. ल्युटेशियम लावलेल्या सॅटोरिओटाइड या अँटॅगोनिस्टच्या सुरुवातीच्या अभ्यासात दुसऱ्या डोसनंतर रक्तपेशी इतक्या पडल्या की डोस कमी करावे लागले.

वाचनमात्र

शेवटची शंका. घरी गेल्यावर लघवीचं काय? आणि कचऱ्याचं?

हॉटलॅब

पहिल्या २४ तासांत निम्म्याहून जास्त ॲक्टिव्हिटी लघवीतून जाते, म्हणून घरी जाईपर्यंत बराच भाग गेलेला असतो. बसून लघवी, दोनदा फ्लश, हात साबणाने. लहान मुलं आणि गर्भवतींपासून अंतर किती दिवस, ते रुग्णाला घरी सोडताना मोजलेल्या डोस-रेटवर (त्याच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या किरणांच्या वेगावर) ठरवा, सगळ्यांना एकच छापील चिठ्ठी देऊ नका. गर्भनिरोध शेवटच्या डोसनंतर स्त्रियांना सात महिने, पुरुषांना चार.

कचऱ्यात मेख आहे ती ल्युटेशियम-१७७एम या जास्त टिकणाऱ्या रूपाची. ल्युटेशियम-१७६ वर न्यूट्रॉन मारून बनवलेल्या मालात ते थोडं असतं आणि त्याचं अर्धायुष्य १६० दिवस. इटर्बियमपासून बनवलेल्या नो-कॅरिअर-ॲडेड (साध्या ल्युटेशियमची भेसळ नसलेल्या) मालात ते जवळजवळ नसतं, तिथे ६.६५ दिवसांच्या हिशेबाने दहा अर्धायुष्यं, म्हणजे सव्वादोन महिने साठवलं की काम भागतं. पहिल्या प्रकारात तेवढे दिवस गेल्यावरही डबा मीटरवर बोलत राहतो. म्हणून डब्यावर फक्त "ल्यु-१७७" आणि तारीख लिहून चालत नाही, माल कुठल्या पद्धतीचा ते लिहा. रुग्णाच्या कार्डावरही तेच आणि डोसची तारीख लिहा; विमानतळावरचे डिटेक्टर कित्येक आठवड्यांनीही वाजू शकतात.